मानदुखीचा अभ्यास मधेच का थांबवला: पुण्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका फिजिओथेरपी कॉलेजमधलं आहे. कॉलेजचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत, आणि ज्यांचा यात संबंध होता त्यांना विचारूनच लिहितेय. मी त्या कॉलेजात नोकरीला नाही. मी मॅन्युअल थेरपी शिकवते, त्यामुळे मधल्या एका टप्प्यावर मला बोलावलं आणि मग व्हायवापर्यंत (तोंडी परीक्षेपर्यंत) मी त्यांच्याबरोबर होते. एमपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीत मास्टर्स करणाऱ्या, मुलामुलींनी आणि त्यांच्या गाईडनी हे वाचावं असं मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे दर वर्षी हाताने द्यायच्या ट्रीटमेंटवर कितीतरी डिसर्टेशन्स (पदवीचे संशोधन प्रबंध) होतात आणि तो हात नेमकं काय करत होता हे त्यातल्या फार थोड्यांत लिहिलेलं सापडतं.

पार्श्वभूमी

एमपीटी दोन वर्षांचं. ऐकायला बरा वेळ वाटतो, पण सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा), एथिक्स कमिटी, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे सोपस्कार, मग सीटीआरआयची, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी रजिस्टरची, नोंदणी हे सगळं होईपर्यंत पेशंट घ्यायला वर्षसुद्धा धड उरत नाही. सीटीआरआयमध्ये पूर्वी अभ्यास सुरू झाल्यावरही नोंद करता यायची, १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच करावी लागते. चांगलाच नियम आहे, फक्त मुलांच्या कॅलेंडरला तो जाणवतो.

विद्यार्थिनीचा विषय साधा होता. मेकॅनिकल मानदुखी, दोन ग्रुप. एका ग्रुपला नुसते व्यायाम, म्हणजे मान पुढे वाकवणाऱ्या आतल्या फ्लेक्सर स्नायूंचे आणि खांद्याच्या पात्याचे. दुसऱ्या ग्रुपला तेच व्यायाम आणि वर मेटलंड पद्धतीचं सेंट्रल पीए मोबिलायझेशन, ग्रेड ३. पेशंट पालथा झोपवायचा, मणक्याच्या मागच्या टोकावर दोन्ही अंगठे ठेवायचे आणि मागून पुढे लयीत दाब द्यायचा, एवढंच ते. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी या दाबाचे चार ग्रेड लावून दिले. १ आणि २ मध्ये सांध्याचा अडथळा लागायच्या आतच राहायचं, ३ आणि ४ मध्ये अडथळ्यात शिरायचं, १ आणि ४ चा झोका छोटा, २ आणि ३ चा मोठा. बीपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, प्रत्येक मुलाला हे तोंडपाठ असतं.

पेशंट ओपीडीतलेच. हिंजवडी-खराडीचे लॅपटॉपवाले, शाळेतल्या शिक्षिका, पेठेतले टेलरकाम करणारे, रोज कात्रजवरून टू-व्हीलरने शिवाजीनगरला जाणारे. बहुतेकांची पहिली मागणी "मॅडम, मान मोडून द्या, कट्टकन आवाज आला की बरं वाटतं", आणि मोबाईलवर तसले व्हिडिओ बघून आलेलेही बरेच. त्यांना आधी बसून समजवायला लागायचं की इथे झटका द्यायचा नाहीये, हे हळू, लयीत देणारं मोबिलायझेशन आहे, आवाज येणार नाही. मानेवर हात ठेवायच्या आधी प्रत्येकाचं बीपी, चक्कर, दुहेरी दिसणं, बोलताना-गिळताना त्रास, अचानक कोसळणं, चेहऱ्याला मुंग्या हे सगळं विचारून फॉर्मवर लिहिलं जायचं. हा भाग त्यांनी मनापासून आणि नीट केला होता, ते आधीच सांगून ठेवते.

मोजमापं तीन: शून्य ते दहाची वेदनेची पट्टी, नेक डिसॅबिलिटी इंडेक्स, आणि गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाने) मानेची हालचाल. इंडेक्समध्ये दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क. त्यातला एक प्रश्न गाडी चालवण्याचा, आणि आपल्या ओपीडीत गाडी न चालवणाऱ्या काकू-आजी भरपूर, त्या तो रिकामा सोडतात. अशा वेळी उरलेल्या नऊ प्रश्नांवर टक्केवारी काढायची, हे त्यांनी प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून ठेवलं होतं.

पहिला निर्णय: मोजणारा वेगळा, दाबणारा वेगळा

आपल्याकडे बऱ्याचदा डिसर्टेशनचा मुलगा किंवा मुलगीच पेशंट शोधते, तीच ट्रीटमेंट देते आणि तीच शेवटी विचारते, "काका, आता दुखणं किती?" काका समोरच्या पोरीचं तोंड बघून दोन आकडे कमीच सांगतात, त्यांचाही दोष नाही. गाईड मॅडमनी हे होऊ द्यायचं नाही असं ठरवलं. विद्यार्थिनी फक्त मोजमापं घेणार, कोण कुठल्या ग्रुपमध्ये हे तिला कळणार नाही, आणि ट्रीटमेंट ओपीडीतले दोन स्टाफ थेरपिस्ट देणार. त्यांना इथे क आणि ख म्हणू. क सकाळच्या शिफ्टला, ख संध्याकाळच्या. दोघांचीही मॅन्युअल थेरपीची सर्टिफिकेट्स, दोघांचाही अनुभव चांगला.

मला अजूनही वाटतं की हा निर्णय बरोबर होता. पण एका ठिकाणचा बायस काढायला गेलं की दुसरीकडे काहीतरी उघडं पडतं. इथे ट्रीटमेंट एका हातातून दोन हातांत गेली आणि ते दोन हात एकसारखे आहेत का हे बघायचं राहून गेलं. प्रोटोकॉलमध्ये लिहिलं होतं "ग्रेड ३, तीस सेकंद, तीन सेट". रेसिपीत "मीठ चवीपुरतं" लिहावं तसंच ते. ज्याचा हात बसलाय त्याला पुरतं, पण दोघींनी केलेली आमटी सारखी होईल याची खात्री त्यातून मिळत नाही.

अडचण कशी लक्षात आली

साधारण निम्मे पेशंट झाले होते. क दोन दिवस रजेवर होती म्हणून तिचे सकाळचे पेशंट ख ने बघितले. त्यात एक टेलरकाका होते, वर्षानुवर्षं मशीनवर मान खाली घालून बसलेले. दुसऱ्या दिवशी ते विद्यार्थिनीला म्हणाले, "ताई, कालपासून ट्रीटमेंट बदलली का? आधीच्या मॅडम नुसता हात ठेवल्यासारखं करायच्या, कालच्या सरांनी चांगलं दाबलं, रात्री जरा ठणकलं पण बरं वाटलं."

खरं तर तिने हे ऐकायला नको होतं, ती ब्लाइंडेड होती, म्हणजे कोणाला काय मिळतंय हे तिच्यापासून लपवलेलं होतं. पण ऐकलं, आणि गप्प न बसता सरळ गाईड मॅडमना जाऊन सांगितलं. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण मला हाच वाटतो. डेडलाईन समोर असताना अशी गोष्ट मनात ठेवून पुढे जाणं किती सोपं असतं हे डिसर्टेशन केलेल्या प्रत्येकाला माहितेय.

मॅडमनी पहिल्यांदा दोघांना विचारलं. दोघंही प्रामाणिकपणे म्हणाले, आम्ही ग्रेड ३ च देतोय. मग ओपीडीतला डिजिटल वजनकाटा कॉटवर ठेवला, वर टॉवेलची घडी, आकडे दिसू नयेत म्हणून वर पुठ्ठा, आणि दोघांना आळीपाळीने "ग्रेड ३ द्या" सांगितलं. डिजिटल काट्याचा घोळ असा की तो आकडा स्थिर झाला की लॉक करतो, झोक्याबरोबर हलत नाही, त्यामुळे त्यातून नीट काही कळेना. याच सुमारास मला फोन आला.

मी त्यांना बोहरी आळीतून जुन्या पद्धतीचा, सुई फिरणारा बाथरूम स्केल आणायला सांगितलं. टॉवेलवर दाबण्यात तसाही एक घोटाळा आहे, टॉवेलला सांध्याचा अडथळा नसतो, मग ग्रेड कशावरून ठरवणार? म्हणून वजनकाटा पेशंटच्या खाली न ठेवता थेरपिस्टच्या पायाखाली ठेवायचा. थेरपिस्ट काट्यावर उभा राहतो, समजा वजन ५५ दाखवतंय, त्याने समोर झोपलेल्याच्या मानेवर पाच किलोचा दाब दिला की सुई ५० वर येते. खाली दाबलं तेवढं वजन त्याच्या पायांवरून उतरतं. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये सुईचं शूटिंग करायचं आणि झोक्याच्या टोकाला सुई कुठे जाते ते वाचायचं. एकच पथ्य, मांडी कॉटला टेकता कामा नये, नाहीतर वजन तिकडून जातं आणि आकडा खोटा येतो. लॅबमधल्या दाब मोजणाऱ्या फोर्स प्लेटशी याची बरोबरी होत नाही, रेघा एकेक किलोच्या, अचूकता तेवढीच. पण आपल्याला सूक्ष्म फरक नकोच होता, ढोबळ फरक आहे का एवढंच बघायचं होतं.

एक इंटर्न स्वतःहून झोपायला तयार झाली, तीच मान, तोच मणका. क चा दाब तीन किलोच्या आसपास. ख चा सात-आठच्या आसपास. लयसुद्धा वेगळी, क सावकाश, ख जवळजवळ दुप्पट वेगाने. खोलीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

यात दोघांना दोष द्यायचं कारण नाही. अनुभवी थेरपिस्टसुद्धा एकाच ग्रेडला वेगवेगळा जोर देतात, कधी दुपटी-तिपटीचा फरक असतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. आपण ते वाचतो, लेक्चरमध्ये सांगतो आणि आपल्या ओपीडीत तसं नसेल असं धरून चालतो.

फरक का पडला

दोन गोष्टी सापडल्या आणि दोन्ही अगदी साध्या. पहिली कॉटची उंची. ओपीडीतली कॉट लाकडी, उंची कमीजास्त न होणारी. ख उंच, तो सरळ कोपराने अंगाचं वजन अंगठ्यांवर आणू शकायचा. क ची उंची कमी, तिचे कोपर वाकलेले राहायचे, दाब खांद्यातून न येता मनगटातून आणि अंगठ्यातून यायचा.

दुसरी गोष्ट तिने मला बाजूला घेऊन सांगितली. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तिला कित्येक महिन्यांपासून दुखत होतं. मॅन्युअल थेरपी करणाऱ्यांत अंगठ्याचं दुखणं फार कॉमन आहे, पण फिजिओथेरपिस्टचंच दुखतंय हे सांगायला लाज वाटते आणि रजा मागितली की पेशंट कोण बघणार हा प्रश्न, म्हणून ती नकळत दाब कमी करत गेली होती. मला याचं फार वाईट वाटलं, आणि रागही आला, तिचा नव्हे, आपल्या सगळ्या पद्धतीचा. बोटांच्या जोरावर चालणाऱ्या या कामात बोटांची चौकशी कुणीच करत नाही.

पर्याय काय होते

मीटिंगला गाईड मॅडम, विद्यार्थिनी, क, ख, स्टॅटिस्टिक्स बघणारे सर आणि मी.

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे तसंच पुढे जायचं आणि शेवटी लिमिटेशनमध्ये एक ओळ घालायची. असं होतं, नाकारण्यात अर्थ नाही. सरांनी एकाच मुद्द्यावर तो खोडला: क सकाळी असते, ख संध्याकाळी, सकाळी येतात रिटायर्ड लोक आणि गृहिणी, संध्याकाळी येतात आयटीवाले. म्हणजे हलका दाब म्हातार्‍यांना आणि जोराचा दाब तरुणांना असं आपोआप झालंय, उद्या फरक दिसला तर तो दाबाचा, वयाचा की खुर्चीत बसण्याचा हे कुठल्याही सॉफ्टवेअरला सांगता येणार नाही. हे ऐकल्यावर लिमिटेशनच्या ओळीचा विषय संपला.

दुसरा पर्याय, झालेले सगळे पेशंट बाजूला ठेवून नव्याने सुरुवात. शास्त्राच्या दृष्टीने स्वच्छ, पण सबमिशनच्या तारखेत बसत नव्हतं. शिवाय ज्यांनी वेळ काढून, बस-रिक्षाचे पैसे खर्चून सेशन केले त्यांचा डेटा टाकून देणं हाही एथिक्सचाच प्रश्न आहे, हे विद्यार्थिनीनेच बोलून दाखवलं.

तिसरा, इथून पुढे एकट्या ख नेच सगळे पेशंट बघायचे. ख तयार होता. पण मग निकाल फक्त ख च्या हाताचा झाला असता, आणि सकाळचे पेशंट संध्याकाळी येणार नव्हते, संध्याकाळी नोकरीवालेच स्वारगेटच्या ट्रॅफिकमधून कसेबसे पोचतात, आजीबाईंना अंधार पडल्यावर एकटं यायचं नसतं.

चौथा पर्याय, थांबायचं, दोघांचं एकत्र ट्रेनिंग करायचं, एथिक्स कमिटीला बदल कळवायचा, सीटीआरआयवर नोंद अपडेट करायची आणि मग पुढचे पेशंट घ्यायचे. आधीचे आणि नंतरचे वेगळे ओळखता येतील असं ठेवायचं.

पाचवा मी सुचवला होता: विषयच बदलून थेरपिस्टमधल्या फरकाचा अभ्यास करावा. मॅडमनी नको म्हटलं, नोंदवलेला अभ्यास अर्धा टाकून नवा प्रश्न काढायचा नाही, आणि मला त्यांचं पटलं.

चौथ्यावर एकमत झालं पण लगेच नाही, कारण गाईड मॅडमचा एक आक्षेप खरोखर वजनदार होता. त्या म्हणाल्या, "मेटलंडचा ग्रेड किलोत नसतो. तो त्या सांध्याच्या अडथळ्यावर असतो. ताठ मानेला पाच किलोत अडथळा लागेल, लवचिक मानेला दोनमध्येच. तुम्ही सगळ्यांना पाच किलो द्यायला शिकवलंत तर ते मॅन्युअल थेरपी नाही, मशीन झालं." बराच वेळ यावर बोलणं झालं. शेवटी तोडगा असा निघाला की ठरलेलं वजन हे टार्गेट नाही, फक्त पट्टा आहे. थेरपिस्टने अडथळा हातानेच शोधायचा, पण दोघांनी एकाच मानेवर शोधला तर दोघांचा दाब एका पट्ट्यात यायला हवा, साधारण पाच किलो, किलोभर इकडेतिकडे. पेशंटचा अडथळा आधीच लागला किंवा दुखलं तर तिथेच थांबायचं आणि कागदावर लिहायचं.

काय केलं

पहिलं काम कागदाचं. एथिक्स कमिटीला अमेंडमेंट (बदलाचा अर्ज) गेली. कमिटीने उलट प्रश्न विचारला तो कुणाच्याच डोक्यात नव्हता: सेशननंतर ठणकलं असं काकांनी सांगितलं, तसं अजून कुणाला झालं का, आणि त्याची नोंद कुठेय? मोबिलायझेशननंतर दिवसभर थोडं ठणकणं अपेक्षित असतं म्हणून कुणी लिहीतच नव्हतं. आता प्रत्येक सेशनच्या आधी "मागच्या वेळेनंतर काय झालं" हा रकाना आला, आणि आधीच्या पेशंटना फोन करून विचारलं गेलं. गंभीर काही निघालं नाही, पण ते विचारल्यावरच कळलं.

दुसरं, कुणी कुठलं सेशन दिलं हे शोधणं. सेशन शीटवर थेरपिस्टच्या सहीचा रकानाच नव्हता. विद्यार्थिनीपासून लपवायचं म्हणून हे काम एका इंटर्नने केलं, ओपीडी रजिस्टर, शिफ्टचा तक्ता आणि रजेचे अर्ज समोर ठेवून एकेक सेशन जुळवलं. काही थोडे सेशन जुळलेच नाहीत, ते "माहीत नाही" म्हणूनच ठेवले.

मग ट्रेनिंग. नेमकी त्याच वेळी पालख्या पुण्यात मुक्कामी आल्या, निम्मे रस्ते बंद, ओपीडी तशीही रिकामी, आणि इंटर्न सगळे वारकऱ्यांच्या पायांना मालिश-स्ट्रेचिंगच्या शिबिरात. क ला त्या शिबिरातून मुद्दाम बाहेर ठेवलं, अंगठ्याला विश्रांती म्हणून. तिला वाईट वाटलं, दर वर्षी ती जाते. कॉटजवळ तिच्यासाठी जिन्याच्या व्यायामाचा लाकडी स्टेप ठेवला, कोपर सरळ झाले. एका अंगठ्यावर दुसरा अंगठा टेकवून आधार द्यायची पकड दोघांनीही घ्यायची ठरलं, म्हणजे पद्धतही एक राहील. नुसत्या स्टेपने तिचा दाब बराचसा पट्ट्यात आला. इतकी वर्षं तिला कुणीतरी "अजून जोर लाव" एवढंच सांगितलं होतं.

ट्रेनिंगचा क्रम सांगते कारण इथे एक गोष्ट शिकण्यासारखी होती. सुरुवातीला दोघांनाही सुई समोर दिसत होती, मोबाईलवर मेट्रोनोम लावलेला, मिनिटाला साठ ठोके. सुई बघत बघत दोघंही लगेच पट्ट्यात आले आणि सगळे खूष झाले. आठवडा जाऊ दिला आणि सुई झाकून परत घेतलं तर ख परत सातच्या पुढे. मोटर लर्निंगमध्ये, म्हणजे हालचाली शिकण्याच्या शास्त्रात, हे जुनंच आहे, सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये मांडलेलं, की प्रत्येक वेळी फीडबॅक दिला तर माणूस फीडबॅकवर टेकून राहतो आणि तो काढला की शिकलेलं गळून पडतं. पेशंटला चालायला शिकवताना आपण हे वापरतो, स्वतः शिकताना विसरतो. मग पद्धत बदलली: आधी डोळे मिटून दाब द्यायचा, आपला अंदाज मोठ्याने सांगायचा, मगच सुई बघायची, तीही प्रत्येक वेळी नाही, तीन-चार वेळांतून एकदा. अंदाज सांगायला लावल्यावर खरी प्रगती झाली. त्यानंतर अभ्यास संपेपर्यंत दर सोमवारी सकाळी दोघांची छोटीशी तपासणी, सुई झाकून, आकडे एका वहीत.

झोपायला माणूसही बदलत ठेवला. एक इंटर्न बारीक, एक पैलवानी मानेचा, एक वयस्क क्लार्ककाका जे आनंदाने तयार झाले. क आणि ख दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, अडथळा कुठे लागला, कुठला मणका जास्त दुखरा. दुखरा मणका कुठला यावर दोघांचं बऱ्यापैकी जुळायचं. ताठ मणका कुठला यावर फारच कमी. हेही पुस्तकात लिहिलेलंच आहे, दुखण्यावरचं एकमत हालचाल चाचपण्यापेक्षा भरवशाचं असतं, पण आपल्याच दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघितल्यावर ते ज्या पद्धतीने पोचतं तसं वाचून पोचत नाही.

निकाल

अभ्यास परत सुरू झाला आणि वेळेत संपला, पण ठरवलेल्या संख्येपेक्षा कमी पेशंटवर. गणपतीच्या दिवसांत परत गळती झाली, मध्यवस्तीतले रस्ते बंद असताना मान दाखवायला कोण येतो.

दोन्ही ग्रुपना बरं वाटलं. मोबिलायझेशनवाल्या ग्रुपला किंचित जास्त, पण वेदनेच्या पट्टीवर दोन ग्रुपमधला फरक एका पॉइंटच्याही आत. त्या पट्टीवर साधारण दोन पॉइंटचा बदल झाला तर पेशंटला फरक पडला असं धरतात. शिवाय संख्या कमी असल्याने कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) इतका रुंद की काहीच फरक नाही असंही ठामपणे म्हणता येत नाही. डिसर्टेशनमध्ये हे असंच लिहिलं गेलं. मुख्य विश्लेषण सगळ्या पेशंटचं एकत्र, आणि वेगळं एक टेबल, थांबण्याआधीचे आणि नंतरचे. नंतरच्या गटात फरक जरा जास्त दिसत होता आणि सगळ्यांनाच मोह झाला की बघा, ट्रेनिंगमुळे ट्रीटमेंट लागू पडली. सरांनी तिथेच थांबवलं, एवढ्या थोड्या पेशंटवर आणि आधी न ठरवलेल्या तुलनेवर असं विधान करायचं नाही. टेबल राहिलं, विधान काढलं.

मेथड्सचा भाग मात्र मला आजही दाखवावासा वाटतो. ट्रीटमेंट कशी लिहावी यासाठी टायडर नावाची बारा मुद्द्यांची चेकलिस्ट २०१४ पासून आहे, आणि औषधाशिवायच्या ट्रायलसाठी कन्सॉर्टची (ट्रायल कशी लिहावी याच्या नियमावलीची) जी पुरवणी आहे तिच्यात थेरपिस्ट कोण, त्यांची तयारी काय, ट्रीटमेंट ठरल्याप्रमाणे दिली गेली का हे लिहायला सांगितलेलंय. या डिसर्टेशनमध्ये कॉटची उंची, स्टेपची उंची, अंगठ्यांची पकड, ठोक्यांचा वेग, दाबाचा पट्टा, सोमवारच्या तपासणीचे आकडे, सगळं आहे. दुसऱ्या गावातल्या कुणालाही ते वाचून तसंच करता येईल.

व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न हाच विचारला की अभ्यास मधेच का थांबवला. विद्यार्थिनीने काकांच्या वाक्यापासून सोमवारच्या वहीपर्यंत सगळं सांगितलं. सिग्निफिकन्स (आकडेवारीने ठोस ठरेल असा फरक) आला नाही म्हणून कुणी नाक मुरडलं नाही.

परत करायचं झालं तर

वजनकाटा पहिल्या पेशंटच्या आधी यायला हवा. सिनॉप्सिस लिहायच्या आठवड्यातच दोन्ही थेरपिस्टना एका मानेवर उभं केलं असतं तर हे सगळं तासाभरात कळलं असतं आणि सीटीआरआयच्या पहिल्याच नोंदीत गेलं असतं. मला विचाराल तर पायलट स्टडीचं खरं काम हेच, दहा पेशंटवर मीन आणि एसडी (सरासरी आणि तिच्याभोवतीचा फैलाव) काढण्यापेक्षा.

पेशंटची वाटणी थेरपिस्टनुसार व्हायला हवी होती. म्हणजे क च्या पेशंटमध्येही दोन्ही ग्रुप समान, ख च्याही समान. इथे रँडमायझेशन (पेशंटची ग्रुपमध्ये यादृच्छिक वाटणी) दोघांचं एकत्र केलं होतं, नशिबाने फार असमतोल झाला नाही. त्यापेक्षा चांगलं म्हणजे दोघांच्या शिफ्ट आलटून-पालटून ठेवणं, पण ते ओपीडीच्या वेळापत्रकावर, पर्यायाने एचओडींवर (विभागप्रमुखांवर) अवलंबून, आणि त्यासाठी आधीच बोलून ठेवावं लागतं.

सेशन शीटवर थेरपिस्टचा कोड. एक रकाना फक्त, तो नव्हता म्हणून रजिस्टर उपसत बसावं लागलं.

थेरपिस्टच्या हातांची चौकशी सुरुवातीला आणि मधेमधे, लेखी, आणि दुखतंय म्हटलं तर काम बदलून मिळेल या खात्रीने. क ने पुढे अंगठ्यासाठी स्प्लिंट वापरला, काही काळ फक्त व्यायामाचे पेशंट घेतले, आता बरी आहे.

थांबायचं की नाही यावर मात्र मी अजूनही विचार करते. एखाद्या गाईडने सबमिशनची तारीख बघून थांबायला नकार दिला असता तर मी त्यांना चुकीचं म्हणू शकले असते का? सरांचा सकाळ-संध्याकाळचा मुद्दा नसता तर कदाचित नसतेच म्हणू शकले. फरक असणं आणि तो फरक पेशंटच्या प्रकाराशी बांधला गेलेला असणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. नुसता फरक असेल तर तो मोजून, लिहून पुढे जाता येतं, खऱ्या ओपीडीतही थेरपिस्ट वेगवेगळेच असतात. बांधला गेला असेल तर थांबण्याला पर्याय नाही.

गाईड मॅडमचं आणि माझं एका मुद्द्यावर अजून जुळलेलं नाही. त्यांचं म्हणणं, पट्टा ठरवल्यामुळे ताठ मानेच्या पेशंटना गरजेपेक्षा कमी मिळालं असेल. माझं म्हणणं, दोन हात एकमेकांशी जुळत नसतील तर गरज किती हे ठरवणार कोण. त्यांची पुढची विद्यार्थिनी आता यावरच सिनॉप्सिस लिहितेय: एकाच मानेवर चार थेरपिस्टना अडथळा कुठे लागतो आणि तिथे दाब किती येतो, ट्रीटमेंट वगैरे काही नाही, नुसतं एवढंच मोजायचं. यावेळी बोहरी आळीच्या काट्याऐवजी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांकडून लोड सेल (दाब मोजणारा सेन्सर) बसवलेली पाटी करून घेण्याचं चाललंय, आणि कॉट उंची बदलणारी मिळावी म्हणून अर्ज दिलाय, तो अजून मंजूर व्हायचाय.